किती वाव

दर गुरुवारी चिपळूणहून हृदयाचे डॉक्टर येतात दापोलीला.
त्यांच्या तासभर आधी मी येते, मशीन सुरू करायला.
आज पहिला नंबर: हरेश्वर चोगले, वय एकावन्न, पाजपंढरी.
धंदा तांडेल. तक्रार, जिना चढताना दम.
घरात जिना नाही, म्हणाले, कुणीतरी आपलं लिहिलंय.
दम लागतो तो बंदराच्या चढणीवर,
टोपली रिकामी असतानासुद्धा.

डाव्या कुशीवर व्हा काका. हात उशाशी.
जेल गार लागेल.
"हे कशाला?"
मधे हवा नको म्हणून.
कातडी आणि प्रोबमध्ये केसभर हवा राहिली
तरी आवाज तिथूनच माघारी येतो,
आत शिरतच नाही.
ते भिंतीकडे बघत हसले.
"खवळलेल्या दर्यात आमचंपण मशीन आंधळं होतं.
बुडाखाली फेस आला की तळ गायब."

मग मान वळवून पडद्याकडे:
"किती वाव बघतं हे?"
वाव नाही हो. सोळा सेंटीमीटर.
"बस? आमचं चाळीस वाव बघतं!"

तुमची लाट बोटाच्या दोन पेरांएवढी लांब,
माझी तांदळाच्या कणीहून बारीक.
बारीक लाटेला बारीक दिसतं,
पण ती लवकर दमते.
(दम हा शब्द मी वापरायला नको होता.)
जाऊन परत यायला तिला लागतो
सेकंदाचे पाच हजार तुकडे केले तर त्यातला एक.
त्यावरून मशीन अंतर काढतं. हे तुम्हाला काय सांगायचं.

"मधे हे काळं काळं काय? मासळी नाही तिथं?"
काळं म्हणजे रक्त.
भिंती आवाज परतवतात, पडदे परतवतात,
रक्तातून जवळजवळ काहीच येत नाही परत.
ते गप्प झाले.
त्यांच्या पडद्यावर काळं म्हणजे डिझेल फुकट गेलं.

श्वास सोडा. तसाच धरा.
आणि दिसली झडप:
सपाट उघडायची ती कोयतीसारखी वाकून अडलेली.
लहानपणी सांधे सुजले होते का?
"गुडघे. मग कोपर. आईने निरगुडीचा पाला बांधला."

रंग लावला. लाल म्हणजे माझ्याकडे येणारं,
निळं म्हणजे लांब जाणारं,
शुद्ध-अशुद्धाशी त्याचा संबंध नाही.
प्रोब थोडा फिरवला, रेघ धारेच्या समोर आणली.
आडवं राहून बघितलं तर
धावणारं रक्तही थांबल्यासारखं दिसतं,
वेग शून्य.
ही गोष्ट मी शिकले परीक्षेसाठी,
आणि घरी वापरायला विसरले कितीदा.

सेकंदाला दोन मीटर.
दोनाचा वर्ग चार, चार चोक सोळा,
सोळा मिलिमीटर पारा एवढा दाब
एका खणातून दुसऱ्यात जाताना खर्च होतोय.
मी आकडा टाइप केला. बोलले नाही काही.
निदान सांगायचं काम माझं नाही.

आवाज वाढवू का? ऐकायचाय?
बटण फिरवलं.
खोलीभर ती घरघर, मधेच सुटणारा एक ठोका,
पुन्हा घरघर.
त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं,
जाळं ओढण्याआधी ऐकत असतील तसं.

"आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटीला असंच वाजतं," म्हणाले.
"मुखाशी गाळ साचला की पाणी धावायला लागतं.
वाट जेवढी अरुंद, तेवढी घाई.
बोटी भरतीची वाट बघत आत अडकून राहतात."

मी चित्र थांबवलं.
पडद्यावर कोयती तशीच अर्धी उघडी.
"वाव राहिला नाही म्हणजे."
डॉक्टर सांगतील, काका.
"गाळ काढता येतो?"
डॉक्टर सांगतील.

टॉवेल दिला. त्यांनी छाती पुसली,
बोटाला लागलेलं जेल नाकाशी नेलं.
"कसलाच वास नाही याला,"
आणि शर्टाची बटणं लावायला लागले,
खालून वर,
दुसऱ्या बटणाशी थोडं थांबून.